दुसरी बॉडी

वाद मिरजेतल्या एका फोटो स्टुडिओतला आहे, असं धरू. मामा गेली पंचवीसेक वर्षं लग्नांच्या ऑर्डर घेतात. सुरुवात फिल्मच्या रोलवर केली, मग डीएसएलआर, आणि आता गळ्यात कॅननचा आर-५ मार्क टू. भाची सीएची आर्टिकलशिप करते, रविवारी मामांचे हिशेब लिहिते आणि सीझनमध्ये माणूस कमी पडला की कॅमेरा घेऊन मांडवात उभीही राहते. त्यामुळं ‘तुला काय कळतंय त्यातलं’ असं म्हणून तिला गप्प करता येत नाही.

आजवर दुसरी बॉडी म्हणून चालणाऱ्या जुन्या डीएसएलआरनं या पावसाळ्यात मान टाकली. तुळशीचं लग्न लागलं की तारखा सुरू होणार. मामांना आणखी एक मार्क टू हवाय. किंमत चार लाखांच्या पुढं. भाची म्हणते, आर-५० घ्या. किट लेन्ससकट पाऊण लाखाच्या घरात. मार्क टू जुलै २०२४ मध्ये आला, आर-५० त्याच्या जवळपास दीड वर्ष आधी. दोघांना आरएफ माउंट एकच, म्हणजे एकाची लेन्स दुसऱ्याला बसते. वादाला धार येते ती इथूनच. दोन वेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे असते तर आवडीनिवडीवर विषय संपला असता. इथं एकाच घरातले थोरला आणि धाकटा समोरासमोर आहेत.

मामा : आर-५० हा घरच्यांनी घरच्यांचे फोटो काढायला केलेला कॅमेरा आहे, बाळा. त्याच्यावर दुसऱ्याच्या लग्नाची जबाबदारी घ्यायची?

भाची : मामा, आधी अल्बमचं बोलू. आपलं करिझ्मा अल्बमचं पान १२ बाय ३६. अर्ध्या भागावर एक फोटो टाकला तर तो १२ बाय १८ इंच. तीनशे डीपीआयनं त्याला ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. आर-५० देतो ६००० बाय ४०००. तुमचे ४५ मेगापिक्सेल डिझायनर कमी करूनच वापरतो. उरलेले हार्ड डिस्कवर बसून जागा खातात.

मामा : आणि मागच्या रांगेत बसलेल्या आजीचा चेहरा कापून वेगळा काढायचा असतो तेव्हा?

भाची : तेव्हा लागतात, मान्य. पण प्रत्येक लग्नात तीन हजार क्लिक, प्रत्येक रॉ फाइल पन्नास एमबीच्या आसपास. दीडशे जीबी. आजीसाठी.

मामा : आजी गेल्यावर तोच एक फोटो मोठा करून मागतात लोक. पण जाऊ दे, मेगापिक्सेलवर मी भांडतच नाही. आपलं कार्यालय डोळ्यांसमोर आण. वर पीओपीचं छत, त्यात पिवळे दिवे, स्टेजवर निळे-जांभळे एलईडी, आणि व्हिडिओवाल्यानं आपला लाइट नेमका नवरीच्या तोंडावर लावलेला. एवढ्या उजेडात तुझा आर-५० काय करणार? त्याचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटर. माझा ३६ बाय २४. क्षेत्रफळ काढ.

भाची : काढलंय. तुमचा २.६ पट मोठा. पण प्रकाश आधी लेन्समधून येतो ना? किट लेन्स १८-४५. ती ४५ ला नेली की एफ ६.३ होते. तुमच्याकडं २४-७०, एफ २.८. नुसत्या लेन्सनंच तुम्हाला पाचपट प्रकाश मिळतो. सेन्सरचे २.६ धरले तर तेरापट. म्हणून लोक आर-५० किट लेन्सवर वापरून बघतात आणि म्हणतात, कॅमेरा बेकार आहे.

मामा : मग मी तेच तर म्हणतोय.

भाची : थांबा ना. किट काढा आणि ५० एमएम, एफ १.८ लावा. १६० ग्रॅमची लेन्स, आरएफमधल्या सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक. किट लेन्सला जिथं आयएसओ १२८०० लागत होता तिथं आता १००० पुरतो. त्याच उजेडात, त्याच शटर स्पीडला तुम्हाला एफ २.८ वर लागेल २५००. सेन्सर मोठा असल्यामुळं तुमच्या २५०० ला आणि माझ्या १००० ला नॉइज जवळपास सारखाच. मागचं धूसर होणंही सारखंच, कारण १.८ ला १.६ नं गुणलं की २.८८ येतात. अल्बममध्ये कुठला फोटो कुणाचा हे तुम्हीसुद्धा ओळखणार नाही.

हा हिशेब बरोबर आहे, आणि कॅमेऱ्याच्या दुकानात तो सहसा कुणी सांगत नाही. एंट्री-लेव्हल कॅमेऱ्याची बदनामी होते ती बहुतेक वेळा त्याच्यासोबत खोक्यात येणाऱ्या लेन्समुळं. खोक्याची किंमत खाली ठेवायची तर लेन्सचं तोंड लहान ठेवावं लागतं. घेणारा दिवसा अंगणात चार फोटो काढून खूश होतो आणि संध्याकाळी देवघरात काढून निराश. मग तो बॉडी बदलायला निघतो. त्याला बदलायची असते लेन्स.

मामा : ५० म्हणजे आर-५० वर ८० झाला. स्टेजच्या कडेला दोन वऱ्हाडी, मागं व्हिडिओवाल्याचा स्टँड, पुढं पाटावर भटजी. पाय हलवायला जागा नसते. मला २४ पासून ७० पर्यंत बोटानं फिरता येतं. तू काय करणार, भटजींच्या अंगावर चढणार?

भाची : म्हणूनच ती दुसरी बॉडी आहे. रुंद फ्रेम तुम्ही घ्या, चेहरे मी घेते.

मामा : बरं. फ्लॅश कसा लावणार?

भाची : म्हणजे?

मामा : आपल्याकडं तीन फ्लॅश आणि त्यांचे ट्रिगर. हॉट शूवर ट्रिगर सरकवला की सगळे पेटतात. आर-५० चा शू बघितलास का नीट? नवीन पद्धतीचा आहे. नेहमीचे संपर्कबिंदू त्यात ठेवलेलेच नाहीत. आपलं जुनं सामान त्यावर नुसतं बसतं, पेटत नाही. कॅननचा वेगळा अडॅप्टर लागतो. मार्क टूच्या शूमध्ये नवे संपर्कबिंदूही आहेत आणि जुनेही.

भाचीला हे माहीत नव्हतं. पाऊण लाखाच्या कॅमेऱ्यात काय असेल याचा अंदाज सगळे बांधतात. काय काढून घेतलंय ते कामाच्या दिवशी कळतं. शू, दुसरी चकती, जॉयस्टिक, दुसरा कार्ड स्लॉट, पावसाधुळीचं सील, बॉडीतलं स्टॅबिलायझेशन. यातली एकही गोष्ट नमुन्याच्या फोटोत दिसत नाही, म्हणून जाहिरातीत तिचा गाजावाजा नसतो.

भाची : ठीक. शूचा मुद्दा तुमचा. पण हे मुद्दाम केलंय हे तर कबूल करा. ते जुने संपर्कबिंदू ठेवायला किती खर्च आला असता? एक पायरी वर आर-१० आहे, २०२२ चा. त्याला हे सगळे संपर्कबिंदू आहेत, जॉयस्टिक आहे, दोन चकत्या आहेत. कंपनी प्रत्येक पायरीवर एक खिळा काढून ठेवते, म्हणजे माणूस पुढची पायरी चढतो.

मामा : काढतेच. सगळ्याच काढतात. पण खिळा कुणी काढला यापेक्षा माझं टेबल डुगडुगतंय का, हे मला बघायचंय.

मामांनी बाजी मारली खरी, पण इथं मी भाचीच्या बाजूला झुकतो. ‘प्रोफेशनल’ हा शिक्का काही वेळा फक्त याच काढलेल्या खिळ्यांवर उभा असतो. आर-५० मधली फोकस यंत्रणा, म्हणजे डोळा ओळखून त्याचा पाठलाग करणारी ड्युअल पिक्सेल एएफ टू, काही वर्षांपूर्वीच्या महागड्या डीएसएलआरलाही लाजवेल अशी आहे. ही गोष्ट खाली झिरपली, कारण ती बहुतेक सॉफ्टवेअर आणि प्रोसेसरची आहे. झिरपलं नाही ते लोखंड, रबर आणि वेगानं वाचला जाणारा सेन्सर. त्या सेन्सरकडं मामा आता वळले.

मामा : फोकस चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण मुंडावळ्यांचं काय करतोस म्हणावं. नवरा-नवरी दोघांच्या कपाळाला त्या मोत्यांच्या माळा, मान हलली की डोळ्यांवर. कॅमेरा कधी डोळा धरतो, कधी मोती. मागच्या वर्षी तू काढलेल्या फोटोंत मोती टकटकीत आणि डोळे मऊ, असे किती होते आठवतंय?

भाची : तो तर आपला जुना डीएसएलआर होता.

मामा : मार्क टूमध्ये मी नवरा-नवरीचे चेहरे आधीच नोंदवून ठेवतो. दहा माणसं नोंदवता येतात. मग करवल्या, मामी, भटजी, कुणीही पुढं आलं तरी त्याला नवरीच हवी असते. मोत्यावर तोही फसतो, खोटं नाही बोलणार. पण कमी.

भाची : ते चांगलं आहे. पण चार लाखांचं नाही.

मामा : चार लाखांचं पुढं आहे. अंतरपाट.

अंतरपाटाचा फोटो ज्यानं काढलाय त्याला मामा काय सांगणार ते कळलंच असेल. इतरांसाठी सांगतो. मंगलाष्टकं संपत येतात, ताशावाल्याच्या काठ्या वर गेलेल्या असतात, माणसं मुठीत अक्षता घेऊन टाचा उंचावून उभी. शेवटच्या ‘सावधान’नंतर दोन माणसांनी धरलेला पाट खाली येतो किंवा बाजूला ओढला जातो, आणि नवरा-नवरी एकमेकांकडं बघतात. तो चेहरा एकदाच होतो. पुढं हार घालताना ती दोघं हसतात तेव्हा त्यांना आपल्याकडं लोक बघतायत हे कळलेलं असतं. आधीचा अर्धा सेकंद मात्र कुणासाठी नसतो. आणि त्याच अर्ध्या सेकंदात तांदळाचे शेकडो दाणे लेन्स आणि चेहरा यांच्यामधून जातात.

भाची : कागदावर बघा, मामा. तुमचा मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १२ फोटो. आर-५० सुद्धा १२. अगदी बरोबरी.

मामा : कागदावर. आर-५० बारा काढतो, पण रॉमध्ये सेकंदभरातच त्याचा बफर भरतो आणि मग तो कार्डावर लिहीत बसतो. कार्डाचा स्लॉट यूएचएस वन, सावकाश. भटजींनी शेवटचं अक्षर लांबवलं तर? एक बाजू पाट सोडते, दुसरी धरून ठेवते, असं तर नेहमीच होतं. तू बटण दाबून बसलीस आणि पाट खाली आला तेव्हा तुझा कॅमेरा जेवायला गेलेला. मी इलेक्ट्रॉनिक शटरवर तीस काढतो. शिवाय मी बटण पूर्ण दाबायच्या आधीचा अर्धा सेकंदही तो धरून ठेवतो. पंधरा फ्रेम. माझं वय झालंय, बोट उशिरा जातं. त्याचं जात नाही.

भाची : इलेक्ट्रॉनिक शटर तर आर-५० लाही आहे. सेकंदाला पंधरा.

मामा : लाव की. स्टेजवरच्या एलईडीखाली लाव. फोटोवर आडव्या पट्ट्या येतील आणि बाजूला ओढलेल्या पाटाची कड तिरकी होईल.

पट्ट्यांचं कारण सांगायला हवं. साधा सेन्सर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ वाचत जातो. मेकॅनिकल शटर असतं तेव्हा पडदा प्रकाश अडवतो, म्हणून सावकाश वाचलं तरी बिघडत नाही. इलेक्ट्रॉनिक शटरला पडदाच नाही. वाचून होईपर्यंत हात हलतो, दिवा विझून पुन्हा पेटतो. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळं बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, सेन्सरला कळतं. स्टॅक्ड सेन्सरमध्ये वाचलेला माल ठेवायची वेगवान व्यवस्था त्याच्याच पाठीला चिकटवलेली असते, म्हणून तो कितीतरी भरभर वाचून मोकळा होतो. फुल फ्रेममध्ये ही गोष्ट २०१७ साली सोनीच्या ए-९ नं आणली. पुढं २०२३ मध्ये ए-९ थ्रीनं सगळ्या ओळी एकाच क्षणी वाचून दाखवल्या. मार्क टूचा सेन्सर स्टॅक्ड आहे, पण सगळ्या ओळी एकाच क्षणी वाचणारा नाही. पट्ट्या त्यातही येऊ शकतात, पण क्वचित. महाग आहे तो हा तुकडा. बाकी खिळे स्वस्त आहेत, हा नाही.

भाची : बरं, अंतरपाट तुमचा. तो तसाही तुम्हीच काढता, मी नाही. दुसरी बॉडी त्या वेळी आईवडिलांच्या चेहऱ्यावर असते. तिला तीस फोटो नकोत, एक हवा.

मामा : आणि कार्ड गेलं तर? आर-५० ला स्लॉट एक. मार्क टूला दोन. एका लग्नाचं कार्ड मेलेलं मी पाहिलंय, आपलं नव्हे, दुसऱ्या एकाचं. नवरीचे वडील स्टुडिओत येऊन काही बोलले नाहीत, नुसते बसून राहिले. त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

भाची : दोन स्लॉटला मी कधीच नाही म्हणाले नाही. पण एक सांगा. तुम्ही एका स्लॉटमध्ये सीएफएक्स्प्रेस घालता, दुसऱ्यात एसडी. दोन्हींवर एकदम लिहायचं तर वेग सावकाश कार्डाचा मिळतो. मग अंतरपाटाला तीस फोटो कसे मिळतात?

मामा : तेवढ्यापुरतं मी एसडी बंद करतो.

भाची : म्हणजे ज्या मिनिटासाठी दोन स्लॉटचे पैसे मोजले, नेमक्या त्याच मिनिटाला एक स्लॉट बंद?

मामा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, वेगवान एसडी मागवलंय. यूएचएस टू. तेवढ्यावर भाचीनं त्यांना सोडलं. बिल माझ्याकडं द्या, एवढंच म्हणून पुढं गेली.

भाची : आता वरात. डीजेच्या गाडीवरचं लेझर. त्याचा किरण सरळ लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमची रेघ उमटते. मिररलेसमध्ये पुढं आरसा नाही, काम चालू असेपर्यंत सेन्सर उघडाच. लेझर किंमत विचारून जाळत नाही. वरातीत तुम्ही मार्क टू नेता तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. हळदीचंही तेच. सील आहे म्हणून हळदीचं पाणी अंगावर घेत कॅमेरा नाचवायचा?

मामा : सील नसतं तर मागच्या हळदीतच गेला असता तो. आर-५० ला सीलच नाही. पोरं पिचकाऱ्या घेऊन येतात आताशी.

भाची : आर-५० गेला तर पाऊण लाख जातात. मार्क टू गेला तर वर्षाची कमाई. तुमच्या कॅमेऱ्याला धोका कमी, पण नुकसान मोठं. माझ्याला धोका जास्त, नुकसान लहान. विमेवाला या दोन्हीला एकच हप्ता लावणार नाही.

मामा : तू हप्त्याचं बोलतेस, मी नावाचं. आर-५० बंद पडला तर पाऊण लाख जातील हे खरं. त्या संध्याकाळची वरात कुठल्या भावानं परत मिळते?

वादाचा गाभा या दोन वाक्यांत आहे, असं मला वाटतं. चांगल्या उजेडात, निवांत, नीट लेन्स लावून काढलेला फोटो दोन्ही कॅमेरे सारखाच देतात. वरच्या सव्वातीन-साडेतीन लाखांत तो फोटो जास्त सुंदर होत नाही. वाईट मिनिटाला तो हुकण्याची शक्यता कमी होते. ती शक्यता किती, आणि हुकल्यावर उत्तर कुणाला द्यायचं, यावर कॅमेरा ठरावा. मामांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच परवा त्यांनी केलेली एक गोष्ट भाचीनं बरोबर हेरली होती.

भाची : मग परवा ते कॉलेजचे सर आले होते, पक्ष्यांचे फोटो काढायचेत म्हणून, त्यांना तुम्हीच आर-५० सांगितलात. वर म्हणालात, उरलेल्या पैशात लांबची लेन्स घ्या.

मामा : सांगितलं. बरोबर सांगितलं. त्यांचा खंड्या आज उडाला तर उद्या त्याच तारेवर येऊन बसेल. शिवाय ३७५ ग्रॅमचा कॅमेरा घेऊन तो माणूस रोज कृष्णाकाठी जाईल. माझा ७४६, त्यावर ही ९०० ची लेन्स, दीड किलोच्या वर. हौसेनं कोण उचलतंय रोज? दोन महिन्यांत कपाटात.

भाची : तुम्ही उचलताय ना. रात्री खांदा शेकताय.

मामा : पैसे मिळतात म्हणून शेकतोय. आणि मोठा कॅमेरा दिसायलाही लागतो, हे तुला पुस्तकात सापडायचं नाही. आर-५० घेऊन उभा राहिलो की मुलाकडचा कुणीतरी येऊन हमखास म्हणणार, आमच्या पोराकडंही हाच आहे. पुढं बिल देताना त्याला तेच आठवणार.

भाची : मग मोठं हूड लावा!

मामा : हसू नकोस. लावलंय मी पूर्वी.

पैशाचं बोलणं मग भाचीनं आपल्या हातात घेतलं. कॅमेऱ्यावर अठरा टक्के जीएसटी आहे. स्टुडिओची नोंदणी असेल आणि पक्कं बिल असेल तर तो वळता होतो. घसारा वर्षाला पंधरा टक्के. पण आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच, साडेसात. तुळशीच्या लग्नानंतर घेतलेल्या कॅमेऱ्याला मार्चअखेर साडेसातच मिळणार. बाजार मात्र या टक्क्यांची वाट बघत नाही. मूळ आर-५ २०२० मध्ये आला, मार्क टू २०२४ मध्ये. नवा आला आणि जुन्याचा भाव पडला. लेन्सचं तसं होत नाही. आरएफ माउंट २०१८ चं. त्या वर्षीची लेन्स आजच्या बॉडीवर तशीच चालते. म्हणून दुसऱ्या मार्क टूऐवजी साधी बॉडी, म्हणजे शूचा मुद्दा मिटवणारा आर-१०, आणि एक चांगली एल मालिकेची लेन्स घ्या, असा तिचा प्रस्ताव. मोठ्या मुहूर्ताला प्रो बॉडी भाड्यानं आणायची.

मामा : भाड्यानं? मुहूर्ताच्या दिवशी? सांगली, कोल्हापूर, पुणे, सगळीकडं त्या दिवशी तेच लग्न आणि तोच कॅमेरा. जो मिळेल तो तीन हात फिरून आलेला.

भाची : आधी बुकिंग करू.

मामा : कर. पण मूळ गोष्ट तू अजून ऐकलीच नाहीस. दुसरी बॉडी दुसरी कधीपर्यंत असते? पहिली चालू आहे तोवर. माझा मार्क टू मांडवात बंद पडला की त्या क्षणाला तुझ्या हातातली बॉडी पहिली. तेव्हा अंतरपाटही तिचाच.

भाची : तेव्हा तुमची २४-७० आर-१० ला लावू. माउंट एकच आहे.

मामा : लावली. २४ चे झाले ३८. आता चाळीस माणसांचा ग्रुप कसा घेणार? मागं भिंत आहे.

भाची : १८-४५ पिशवीत ठेवू. १८ म्हणजे २९ पडतात, ग्रुप बसतो.

मामा : बसतो. एफ ४.५ वर, एलईडीखाली, एका कार्डावर.

इथं दोघंही थांबले. आर-५० तर शूच्या मुद्द्यावरच बाद झाला होता; आर-१० आता मुहूर्ताच्या मिनिटाला एकट्यानं उभा राहू शकेना. दुसरीकडं चार लाखांचं बिल भाचीला पटण्यासारखं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मामांनाही. तोडगा भाचीच्याच बोलण्यातून निघाला: नवा मार्क टू आल्यावर ज्याचा भाव पडला, तो जुना आर-५. सेन्सर स्टॅक्ड नाही, अर्धा सेकंद मागं जाणंही नाही. पण ४५ मेगापिक्सेल, दोन स्लॉट, सील, बॉडीत स्टॅबिलायझेशन, आणि शू अगदी जुन्या पद्धतीचा.

भाची : सेकंडहँडला बिल मिळणार नाही. जीएसटीचं क्रेडिट गेलं.

मामा : दुकानातून घेतला तर मिळेल. आणि तुझी ५० ची लेन्स त्यावरही चालते, ती घे नवीन.

भाची : आज दोन-तीन ठिकाणी विचारते. शटर काउंट किती, ते मागते.

मामा : ते तर मागच. पण त्याआधी वरातीला वापरलाय का ते विचार. नाही म्हणाला तरी एफ १६ ला काढलेला पांढऱ्या भिंतीचा एक फोटो मागव. रॉ फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, रेघ असली तरी त्यात दिसायची नाही.